आई नसलेल्यांची वंशावळ

हॅरी पॉटर वाचलेल्यांना ब्लॅक घराण्याची ती भिंत आठवत असेल. भिंतभर जुनं विणलेलं कापड, त्यावर कित्येक पिढ्यांची नावं, आणि जो कुळाला शोभेल असं वागला नाही त्याच्या नावाच्या जागी जळकं भोक. सिरियसचं नाव तर त्याच्या आईनंच जाळलेलं. जादू रक्तातून येते, म्हणून रक्त शुद्ध ठेवा, हा त्या घराण्याचा कायदा.

आपल्याकडंही असं एक घराणं आहे. शिवाजी पेठेत श्रावण लागला की कुठल्या ना कुठल्या घरात 'नवनाथ भक्तिसार' वाचायला घेतात. चाळीस अध्याय, कर्ता धुंडिसुत मालू, शके १७४१ म्हणजे इसवी सन १८१९. आमच्या घरात आजी वाचायची आणि मी भस्म, मंत्र, आकाशमार्गे उड्डाण यासाठी कान टवकारून बसायचो. ज्यांच्यासाठी ही श्रद्धेची पोथी आहे त्यांच्या श्रद्धेला आज मी हात लावणार नाही. मला बघायची आहे ती फक्त यातली वंशावळ, कारण ती फार विचित्र आहे.

जन्म बघा ना. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातून आले. गोरखनाथ उकिरड्यातून, तेही बारा वर्षांनी. जालिंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून, रेवणनाथ रेवेच्या वाळूत सापडले, नागनाथ वडाच्या ढोलीत, भर्तरी भिक्षापात्रात. गहिनीनाथांची गोष्ट तर माझी सगळ्यात आवडती. गोरख संजीवनी मंत्र पाठ करत बसलेत, शेजारच्या पोरांना चिखलाचं बाहुलं करून देतायत, आणि मंत्र त्या बाहुल्याला लागू होतो. बाहुलं रडायला लागतं! आमच्या धंद्यात याला साइड इफेक्ट म्हणतात.

म्हणजे नऊ जणांत कुणी आईच्या पोटी जन्मलेलाच नाही. मालूनं भागवतातले ऋषभदेवाचे नऊ पुत्र, म्हणजे नऊ नारायण घेतले आणि एकेकाला एकेक नाथ जोडून दिला. मागच्या जन्मात भाऊ, या जन्मात कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नाही. कापडावर रेघ ओढायची तर ती बापाकडून मुलाकडं जात नाही. ज्यानं कानात मंत्र दिला त्याच्याकडून, ज्यानं ऐकला त्याच्याकडं जाते.

एक अपवाद आहे आणि तोच सगळं सांगून जातो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले, तिथल्या राणीपासून त्यांना मुलगा झाला, मीननाथ. गुरूला परत आणायला गोरख गेला आणि त्याच्या मृदंगातून गोरख आल्याचे बोल निघाले, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. याच गोष्टीवर 'प्रभात'नं १९३२ मध्ये आपल्या कोल्हापुरात 'माया मच्छिंद्र' काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम, मच्छिंद्र झाले गोविंदराव टेंबे, राणी दुर्गा खोटे. पुढचा भाग मात्र कमी लोकांना आठवतो. गुरू सांगतात, पोरानं घाण केली, धुऊन आण. गोरख त्याला धोब्यासारखा दगडावर आपटतो आणि कातडं वाळत घालतो. मच्छिंद्र हंबरडा फोडतात. गोरख पोराला पुन्हा जिवंत करतो, पण गुरूला जे दाखवायचं ते दाखवून झालेलं असतं. अख्ख्या घराण्यात रक्ताचा वारस हा एकच, आणि गादी काही त्याच्याकडं गेली नाही.

ही झाली १८१९ ची पोथी. पण याच वंशावळीची एक जुनी आवृत्ती आपल्याकडं आहे, पाचशे वर्षांहून आधीची. ज्ञानेश्वरी, शके १२१२, म्हणजे १२९०. अठराव्या अध्यायात शेवटाकडं ज्ञानेश्वर स्वतःची परंपरा सांगतात: आदिनाथ म्हणजे शंकर, मग मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग आपण.

हे कोण सांगतंय ते ध्यानात घ्या. आळंदीची ही चार भावंडं म्हणजे संन्याशाची पोरं. बाप संन्यास घेऊन परत संसारात आला म्हणून समाजानं त्यांना बाहेर काढलं. मुंज नाकारली. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं, असं परंपरा सांगते. जन्माच्या कापडावर त्यांच्या नावाला भोक पडलेलं होतं. आणि तो मुलगा ग्रंथ संपवताना दुसरंच कापड पुढं करतो, ज्याच्यावर त्याचं नाव पक्कं आहे. त्यात गुरू कोण, तर सख्खा मोठा भाऊ निवृत्ती. पण भाऊ म्हणून नाही, गहिनींचा शिष्य म्हणून.

आता इंजिनिअरची खोड. साखळीत किती नोड आहेत ते मोजू. काश्मीरचा अभिनवगुप्त इसवी सन १००० च्या आसपास 'तंत्रालोक' लिहितो आणि सुरुवातीलाच मच्छंद नावाच्या गुरूला वंदन करतो. म्हणजे मत्स्येंद्र त्याच्याही आधीचे. निवृत्तिनाथ तेराव्या शतकातले. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत माणसं दोनच, गोरक्ष आणि गहिनी. भाविक म्हणतील, नाथ चिरंजीव आहेत. मला वाटतं मधली नावं स्मरणातून गळली आणि मोठी तेवढी राहिली. आपल्यालाही खापरपणजोबाच्या पलीकडं थेट मूळ पुरुषच आठवतो की.

दुसरा बदल जास्त गंमतशीर आहे. ज्ञानेश्वरीत मूळ गुरू शंकर. पोथीत मच्छिंद्रांना उपदेश करायला दत्तात्रेय आलेत. मधे काय घडलं? नृसिंह सरस्वती घडले, गुरुचरित्र घडलं, आपल्या शेजारची नृसिंहवाडी घडली. दत्तभक्ती घराघरात पोचली आणि नाथांच्या झाडाला वर एक नवीन फांदी जोडली गेली. दुसरीकडं तिबेटच्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या यादीत मीनपा, गोरक्ष, जालंधर, चर्पटी ही मंडळी बौद्ध म्हणून बसलीत, आणि नेपाळात पाटणला मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो तो अवलोकितेश्वर म्हणून. ज्याला हे घराणं आवडलं त्यानं ते आपल्या घरात घेतलं. रक्ताची अट नव्हती ना!

आणि मंत्राची भाषा? नाथांचे शाबरी मंत्र संस्कृत नाहीत, बोलीतले आहेत, मोडकेतोडके. ही गोष्ट छोटी वाटत असेल तर आमच्या पेठेपासून चालत पंचगंगेच्या घाटावर या. १८९९ च्या कार्तिकात इथं छत्रपती शाहू महाराज स्नानाला आले आणि पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. कारण विचारलं तर उत्तर असं की शूद्राला पुराणोक्तच. करवीरच्या गादीवरच्या माणसाला! त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं आणि पुढं राजोपाध्यांची इनामं जप्त झाली. कुठला मंत्र कुणाच्या कानावर पडावा हे जन्मावरून ठरवणारा समाज एका बाजूला, आणि त्याच समाजात आवडीनं वाचली जाणारी, चिखलाच्या बाहुल्यालाही नाथ करणारी पोथी दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच गावात नांदत होती.

शेवटी जन्मच जिंकला असं म्हणायला जागा आहे. नाथांचं नाव घेऊन डौर वाजवत भिक्षा मागत फिरणाऱ्यांची कालांतरानं जात झाली, नाथपंथी डवरी गोसावी. आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ती आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. भिक्षेला आलेला अनोळखी माणूस म्हणजे कोण, हे पूर्वी गावाला माहीत असायचं.

आणि याच समाजातल्या पोराला कॉलेजसाठी जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. फिरत्या माणसांच्या घरात इतका जुना कागद कुठून असणार? सोबत वंशावळ जोडायची असते. तिथं मच्छिंद्र, गोरख, गहिनी लिहून चालत नाही. पणजोबा, आजोबा, वडील असं लिहावं लागतं.