वाटेतला थांबा : मराठी कौटुंबिक प्रवासपटाच्या यशाचा प्रश्न

प्रवास हे विनोदी कथनाला आयते मिळणारे सूत्र आहे, असा समज चित्रपटाच्या व्यवहारात रूढ आहे. एका वाहनात परस्परविरोधी स्वभावाची माणसे बसवावीत, वाटेत अडचणी उभ्या कराव्यात आणि मुक्कामाला पोहोचताच सर्वांचे मनोमीलन घडवावे, एवढी सामग्री पुरेशी मानली जाते. ही सामग्री वापरणारे चित्रपट पुष्कळदा लोकप्रिय होतात. परंतु लोकप्रियता आणि सिद्धी या दोन गोष्टी एक नव्हेत. गल्ल्यावर चाललेला प्रवासपट प्रवासपट म्हणून साधला आहे की नाही, हा प्रश्न रूपबंधाचा आहे आणि तो स्वतंत्रपणे विचारावा लागतो. मराठीपुरता त्याचा विचार करताना कोकणच्या रस्त्याचा इतिहास टाळता येत नाही, कारण या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय मराठी चित्रपट त्याच रस्त्याने जातो.

मिखाईल बाख्तीन याने कादंबरीतील कालावकाशाची चर्चा करताना रस्त्याला विशेष स्थान दिले आहे. एरवी सामाजिक अंतरामुळे ज्यांची गाठ पडणार नाही, अशी माणसे रस्त्यावर एकाच स्थळी आणि एकाच काळी एकत्र येतात. कौटुंबिक प्रवासपटात याच्या नेमके उलट घडते. तेथे रोज एका छपराखाली राहणारी आणि म्हणूनच एकमेकांना न भेटणारी माणसे रस्त्यावर प्रथम भेटतात. घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. गाडी बंद पडली की ती ठरलेली राहत नाही. या प्रकारातील विनोदाचे मूळ म्हणून गतीत नसून गती खंडित होण्यात आहे. नियोजित मुक्कामापेक्षा अनियोजित थांबा येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. त्या थांब्याने माणसांचे परस्परसंबंध बदलतात की केवळ एखादा विनोदी प्रवेश पार पडतो, ही या प्रकाराची खरी कसोटी होय.

मराठीत या प्रकाराची जडणघडण होताना एक ऐतिहासिक अडचण होती. पाश्चात्त्य प्रवासपटाने कुटुंबाच्या मालकीची मोटार गृहीत धरली आहे. ‘नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन’ (१९८३) या अमेरिकन चित्रपटातील बाप स्वतःच्या गाडीत बायकामुलांना घालून देशभर नेतो. गाडी हे तेथे चालते घरच असते. मराठी मध्यमवर्गीय आणि श्रमिक कुटुंबाला विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात असे वाहन उपलब्ध नव्हते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि त्यानंतर ‘एसटी’ हेच मराठी कुटुंबाच्या प्रवासाचे वाहन झाले. या वाहनात कुटुंब एकटे नसते. शेजारच्या बाकावर परका संसार बसलेला असतो आणि बाकांवर रंगवलेली आमदारांसाठी, अपंगांसाठी, स्त्रियांसाठी राखीव असल्याची अक्षरे समाजाची उतरंड गाडीतही वाचायला लावतात. कंडक्टर हा या तात्पुरत्या एकत्र कुटुंबाचा कर्ता पुरुष असतो. त्याच्या घंटेवाचून गाडी हलत नाही.

या सामग्रीतील विनोदाची शक्यता पु. ल. देशपांडे यांनी ‘म्हैस’ या कथेत चित्रपटाच्या पुष्कळ आधी ओळखली होती. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या एसटीखाली एक म्हैस सापडते आणि गाडी थांबते; कथानक म्हणून एवढेच. परंतु गाडी थांबताच रस्त्याकडेचा मुलूख गाडीत शिरतो. म्हशीचा मालक, गावकरी, पोलीस आणि पंचनामा यांच्यापुढे प्रवाशांचे पांढरपेशेपण, त्यांची मुंबईची घाई, त्यांचे छुपे लोभ आणि आकर्षणे उघडी पडतात. ज्या ठिकाणी गाडी थांबली ते ठिकाण कथेला हवे आहे. ते वगळले तर कथा उरत नाही. थांबा साधला म्हणजे काय होते, याचे हे मराठीतील उत्तम उदाहरण आहे. रंगभूमीवर लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने दुसरी दिशा दाखवली. मराठवाड्यातील गोतावळा परदेशी निघतो आणि सगळी पात्रे एकाच नटाच्या देहातून प्रकट होतात. कुटुंबातील कलह आणि त्याचे ऐक्य यांना तेथे एकच शरीर मिळते.

चित्रपटाने मात्र आपला वारसा प्रामुख्याने दुसरीकडून घेतला. ‘मद्रास टू पॉन्डिचेरी’ (१९६६) या तमिळ चित्रपटावरून एस. रामनाथन यांनी ‘बॉम्बे टू गोवा’ (१९७२) केला. मेहमूद यांचा कंडक्टर, संकटातून पळालेली नायिका, तिच्या मागावर असलेले गुंड आणि बसभर नमुनेदार प्रवासी ही त्याची चौकट. ही चौकट प्रवाशांच्या वैचित्र्यावर उभी आहे. त्यात माणसे ओळखू येतात ती भाषा, खाण्याच्या सवयी, लकबी यांवरून; वाट संपेपर्यंत ती बहुधा आहेत तशीच राहतात. थांबे येतात ते गाण्यासाठी, मारामारीसाठी किंवा पाहुण्या कलाकाराच्या दर्शनासाठी. रंजन भरपूर आहे, पण रस्ता निमित्तमात्र आहे.

सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) याच चौकटीत उभा राहिला. मात्र त्याला एक असे बीज मिळाले जे मूळ चौकटीत नव्हते. वक्रतुंडाच्या जन्मासाठी नवस बोलला गेला होता आणि तो फेडायचा तर त्याने नग्नावस्थेत गणपतीपुळ्याला देवदर्शनाला जायला हवे. पत्नी भक्ती त्यासाठी आग्रही आहे. वरवर पाहता ही प्रहसनाची कल्पना आहे. परंतु कोकणच्या संदर्भात तिला खोल अर्थ येतो. मुंबईत स्थिरावलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जातो तेव्हा तो एक कर्ज फेडत असतो. घर, देव, भावकी आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे यांचे हे देणे रोख रकमेत फिटत नाही. त्यासाठी देहाने हजर व्हावे लागते. वक्रतुंडाचा नवस म्हणजे या देण्याचेच विनोदी रूप आहे. शहराने अंगावर चढवलेली प्रतिष्ठेची वस्त्रे उतरवून या भूमीसमोर उभे राहायचे आहे आणि नेमके तेच त्याला जमत नाही. मराठी विनोदपटाच्या हाती आलेले हे दुर्मीळ बीज होते.

ते पुरते रुजले का? मुंबईहून गणपतीपुळ्याकडे महामार्गाने जाणारी गाडी चिपळूण सोडल्यावर सावर्ड्यातून जाते, पुढे संगमेश्वर ओलांडते आणि मग पश्चिमेला समुद्राकडे वळते. भूगोलाने हे टप्पे अटळ आहेत. कथानकाला मात्र ते अटळ नाहीत. मुंबई आणि गणपतीपुळे ही दोन टोके सोडली तर वाटेतल्या कोणत्याही गावामुळे गोष्टीचे वळण बदलत नाही. ज्या मुलखाचे देणे फेडायला दांपत्य निघाले आहे, तो मुलूख काचेबाहेरून सरकत राहतो. अशोक सराफ यांचा कंडक्टर हा चित्रपटाचा खरा आधार आहे, कारण एसटीतील तात्पुरत्या एकत्र कुटुंबाची कल्पना त्याच्यामुळेच मूर्त होते. गाडीच्या आतला समाज चित्रपटाला दिसला. बाहेरचा दिसला नाही. सावर्ड्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ही गाडी आपल्यासमोरून न थांबता गेल्यासारखी वाटली, तर त्यात त्याची चूक नाही.

याच्या उलट उदाहरण ‘दे धक्का’ (२००८) हे आहे. अतुल काळे आणि सुदेश मांजरेकर दिग्दर्शित या चित्रपटाने ‘लिटल मिस सनशाइन’ (२००६) या अमेरिकन चित्रपटाचे बीज घेतले. ते स्वतंत्र नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण आक्षेप नोंदवून थांबल्यास रूपबंधाचा विचार राहून जातो. ग्रामीण भागातून मुलीच्या नृत्यस्पर्धेसाठी मुंबईला निघालेले एक विस्कटलेले कुटुंब आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी त्यांची गाडी या दोन गोष्टी येथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रत्येक वेळी गाडी सुरू करण्यासाठी सर्वांनी खाली उतरले पाहिजे, एकत्र जोर लावला पाहिजे आणि धावत आत चढले पाहिजे. बाप, मेहुणा, आजोबा, मुले यांच्यातला कोणीही त्या क्षणी मानाचा वा कमी मानाचा राहत नाही. शब्दांनी जे सांगितले असते तर भाबडे वाटले असते, ते यंत्राच्या बिघाडाने कृतीत आणले आहे. येथे थांबा ही कथानकाची गरज आहे आणि शीर्षक तेच सांगते. २०२२ च्या उत्तरभागाने या कुटुंबाला लंडनला नेले. धक्का देण्याची निकड गेल्यावर शीर्षकात उरलेला शब्द मूळ अर्थाला पारखा होतो.

‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि त्यात एसटीची जागा कोकण रेल्वेने घेतली. हा बदल काळाला धरून आहे. १ मे १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि चाकरमान्याच्या प्रवासाचे स्वरूप पालटले. परंतु रूपबंधाच्या दृष्टीने रेल्वे हे अडचणीचे वाहन आहे. तिचे थांबे वेळापत्रकाने आधीच ठरवलेले असतात. प्रवाशांच्या भांडणाने वा म्हशीच्या आडवे येण्याने कथेत बाहेरचा मुलूख शिरण्याचा संभव कमी होतो. सावर्ड्याला रेल्वेस्थानक आहे, तरी अनेक जलद गाड्या तेथे न थांबता पुढे जातात. वाहन बदलले की विनोदाचे व्याकरणही बदलावे लागते, ही जाणीव अशा वेळी दिग्दर्शकाला हवी.

नॉर्थ्रप फ्राय याच्या मते सुखात्मिकेची गती नव्या समाजाच्या स्थापनेकडे असते. शेवटच्या मेजवानीत वा विवाहात सर्वांना सामावून घेतले जाते. मराठी कौटुंबिक प्रवासपटाला हा शेवट सहज जमतो, कारण देवाचे दार किंवा स्पर्धेचा रंगमंच त्याला आयता मिळतो. प्रश्न आहे तो या नव्या समाजात कोणाला जागा मिळते हा. ‘दे धक्का’मध्ये ती कुटुंबातल्या उपेक्षितांना मिळते. ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये ती बसमधल्या सर्वांना मिळते, रस्त्याकडेच्या माणसाला मात्र मिळत नाही. ‘म्हैस’ने ती त्यालाही दिली होती.

म्हणून हे चित्रपट यशस्वी आहेत का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. प्रेक्षकाला हसवण्याचे काम त्यांनी केले आहे आणि ते हलके लेखण्याचे कारण नाही. परंतु दरवर्षी भाद्रपदात लाखो कोकणी कुटुंबे ज्या रस्त्याने हसत, भांडत, तासन्‌तास खोळंबत गावी जातात, त्या रस्त्याचा विनोद कथेत वाचायला मिळतो तितका पडद्यावर अजून पाहायला मिळालेला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण रखडत चालले त्या वर्षांत या खोळंब्यात भरच पडली. चाकरमान्याला गावापर्यंत नेणारा आणि वाटेतल्या गावालाही पात्र म्हणून ओळखणारा चित्रपट लिहिला जाईल, तेव्हा या प्रकाराचे मराठी रूप सिद्ध झाले असे म्हणता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री परकी नाही. ती सावर्ड्याच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत उभी आहे.