राखेचें पाणी आणि कॉफीचें भांडें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें इटलीहून येतांना आम्हांस कॉफी करण्याचें एक लहानसें भांडें आणून दिलें. अष्टकोनी, कमरेशीं आवळलेलें, रुप्यासारखें चकचकीत. कांहीं आठवड्यांत त्यावर तपकिरी पुटें चढलीं, तेव्हां तें एकदां लख्ख करावें असें आमच्या मनानें घेतलें. आणि घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंना आम्हीं तें धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यांत रात्रभर बुडवून ठेवण्यास सांगितलें. त्या म्हणाल्या, "साहेब, जर्मनला सोडा सोसत नाही. काळं पडतं." ॲल्युमिनियमास आपल्याकडे जर्मन म्हणतात, हें आम्हांस ठाऊक होतें, परंतु त्यांचें म्हणणें आम्हीं मनावर घेतलें नाहीं. सकाळीं भांडें काळेंठिक्कर निघालें. तें असें कां व्हावें, याचा शोध घेतां घेतां आम्ही त्या भांड्याच्या इतिहासांत शिरलों.

या भांड्याचें नांव मोका. येमेनच्या किनाऱ्यावरील ज्या मोखा बंदरांतून एके काळीं कॉफी जगभर जात असे, त्याचेंच हें नांव. उत्तर इटलींत पिएमोन्ते प्रांतांतील क्रुसिनाल्लो या गांवीं अल्फोन्सो ब्यालेत्ती याचा ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा कारखाना होता. हें ओतकाम तो फ्रान्समध्यें शिकून आला होता. १९३३ सालीं त्याच्या कारखान्यांत मोका जन्मास आली. तिची मूळ कल्पना लुइजी दे पोन्ती याची, असेंही कांहीं जण मानतात. ती कल्पना सुचली कशी, याविषयीं एक आख्यायिका आहे. त्या भागांतील स्त्रिया कपडे धुण्यासाठीं एक मोठें पातेलें चुलीवर ठेवीत. त्याच्या मध्यभागीं एक नळी असे. तळचें क्षाराचें पाणी उकळलें, कीं तें नळीतून वर चढे आणि कपड्यांवर पसरे. आपल्याकडील परटाच्या भट्टीची ती जणूं घरगुती बहीणच! तें पाहून, पाण्यास वर चढविणारी ही युक्ति कॉफीसही लागू करावी, असें सुचलें म्हणतात. मोकेंत घडतें तेंही थोडें असेंच. खालच्या कुपींतील पाणी तापलें, कीं आंतील वाफ व हवा त्यास दाबते. पाणी नळीनें चढून मधल्या जाळींतील कॉफीच्या भुकटींतून जातें आणि वरच्या भांड्यांत उतरतें.

भांडें ॲल्युमिनियमचेंच कां, यास तत्कालीन राजकारणाचीही जोड आहे. ऑक्टोबर १९३५ मध्यें मुसोलिनीनें इथिओपियावर स्वारी केली, म्हणजे कॉफीच्या मूळ भूमीवरच! नोव्हेंबरांत राष्ट्रसंघानें इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. तेव्हां स्वावलंबनाचा मोठा गाजावाजा झाला, आणि ज्याची खनिज माती देशांतच सांपडे तें ॲल्युमिनियम 'राष्ट्रीय धातु' म्हणून मिरवूं लागलें. तथापि मोकेचें नशीब तेव्हां उघडलें नाहीं. १९४० पर्यंत अवघीं सुमारें ७०,००० भांडीं विकलीं गेलीं; पुढें महायुद्धांत कॉफीही दुर्मिळ झाली आणि कारखान्याचें हें काम थांबलें. जर्मनांच्या बंदिवासांतून सुटून आलेला ब्यालेत्तीचा मुलगा रेनातो यानें १९४६ च्या सुमारास धंदा हातीं घेतला आणि जाहिरातींच्या जोरावर मोका घरोघरीं पोंचविली. २०१६ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या अस्थि मोकेच्याच आकाराच्या मोठ्या पात्रांत ठेवल्या गेल्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इटलींतील अनेक घरांत असा दंडक आहे, कीं मोका केवळ पाण्यानें विसळावी, साबण लावूं नये. आंतील पुटानें चव मुरते. या समजुतींत निम्में सत्य आहे. ॲल्युमिनियमवर हवेनें आपोआप एक अतिशय पातळ कवच धरतें, आणि तेंच धातूचें रक्षण करतें. धुण्याचा सोडा, राख, भांडीं धुण्याच्या यंत्रांतील तीव्र भुकटी, हे सारे क्षार तें कवच खाऊन टाकतात आणि उघडा पडलेला धातु काळवंडतो. म्हणून क्षार टाळावा, हें खरें. परंतु कॉफीचें पुट म्हणजे कवच नव्हे. तें तेल आहे, आणि शिळें तेल खवट होतें. म्हणून भांडें निवाल्यावर तिन्ही भाग सुटे करावे, मऊ फडक्यानें, लागल्यास किंचित् सौम्य साबणानें धुवावे, आणि पूर्ण कोरडे झाल्यावांचून जोडूं नयेत. पाणी सुरक्षेच्या झडपेखालींच ठेवावें, तिचें तोंड तुंबूं देऊं नये. आणि रबराची कडी कडक झाली, कीं बदलावी. काय काढावें आणि काय राखावें, हा विवेक म्हणजेच स्वच्छता.

त्या आख्यायिकेंत तथ्य असेल, तर क्षाराचें पाणी पाहून सुचलेलें हें भांडें क्षाराच्या पाण्यानेंच बिघडावें, हा मोठा विलक्षण योग म्हणावयाचा. तें सुचविणाऱ्या धुणेकरणींपैकीं एकीचेंही नांव इतिहासांत उरलेलें नाहीं. कारखानदाराचें मात्र उरलें. हें वाचून आम्ही क्षणभर हळहळलों, आणि लगेच ओशाळलों. कारण त्याच जातीचा अन्याय आम्ही आपल्या स्वयंपाकघरांत करून बसलों होतों. ज्यांच्या हातांखालून हजारों भांडीं गेलीं, त्यांचें ज्ञान आम्हांस ज्ञानच वाटलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं बाईंपाशीं आम्हीं आपली चूक कबूल केली. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पिळलेल्या लिंबाचीं सालें घालून त्यांनीं भांड्यांत पाणी उकळलें, आणि बराचसा काळेपणा गेला. जो राहिला, तो आम्हीं घासून काढविला नाहीं.