संन्यासी खेकडा

दशपाद गणातील, मेलेल्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखात राहणारा प्राणी. खऱ्या खेकड्यांहून हा वेगळा. त्याचे उदर मऊ, उघडे आणि उजवीकडे पीळ पडलेले असते. उदराच्या टोकाच्या आकड्यांनी तो शंखाचा मधला दांडा धरून ठेवतो. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीने उरलेल्या डबक्यांत क्लिबानेरियस व डायोजिनीस या प्रजाती आढळतात. तुरुतुरु पळणारा शंख दिसला तर आत हाच समजावा. गोगलगाईला एवढी घाई नसते.

जमिनीवर राहणारी सीनोबिटा ही प्रजाती अंदमान-निकोबार व लक्षद्वीप बेटांवर आढळते. शंखात थोडे पाणी बाळगून हे खेकडे कल्ले ओले ठेवतात. उन्हात पाल्याखाली दडतात, रात्री पडलेली फळे, कुजका पाला, मेलेले मासे खात फिरतात. मोठ्या डाव्या नांगीने शंखाचे तोंड बंद करता येते. कात टाकताना ते स्वतःला वाळूत पुरून घेतात आणि टाकलेले कवचही खातात. अंडी मात्र समुद्रातच सोडावी लागतात. डिंभावस्था पाण्यात संपली की पिल्लू इवलासा शंख शोधून किनाऱ्यावर चढते.

अंग वाढले की शंख अपुरा पडतो, आणि या प्राण्याचे बरेचसे वागणे त्या टंचाईतून आलेले आहे. मोठा रिकामा शंख सापडला की कधीकधी खेकडे आकारानुसार रांग लावतात. पहिला त्यात शिरताच त्याचा शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. सीनोबिटा शंख आतून झिजवून प्रशस्त करतो, हे संशोधक मार्क लायड्रे यांनी २०१२ मध्ये मांडले. समुद्रातून आलेला कोरा शंख मोठ्या खेकड्यांना अडचणीचा होतो, म्हणून वापरलेल्या शंखासाठी झटापट होते, मालकाला ओढून बाहेरही काढले जाते. पर्यटकाने शोभेसाठी उचललेला शंख असा पिढ्यान्‌पिढ्या वापरातला असू शकतो.

सीनोबिटाच्याच कुळातला नारळखेकडा (बर्गस लॅट्रो) लहानपणीच शंख सोडतो, अंग टणक करतो आणि ४ किलोंपर्यंत वाढतो. भारतात तो अंदमान-निकोबारच्या काही बेटांवरच असून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे.

शंखात राहणाऱ्या खेकड्यांना मेलेल्या भाईबंदाचा वास म्हणजे शंख रिकामा झाल्याची खूण, म्हणून इतर खेकडे तिकडे धावतात. किनाऱ्यावर पडलेल्या प्लॅस्टिक बाटलीत एक अडकून मेला की त्याच वासाने पुढचे आत शिरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून परत चढू शकत नाहीत. हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांवर असे वर्षाला सुमारे ५ लाख खेकडे मरत असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.