चार सेलवरचं वाद्य

निन्टेन्डोचा गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हाच तो थोडा जुनाट होता. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेडही नाही. तो घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांची रीतच तशी होती: मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं. म्हणून तर तो चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चाले. पुढे लोकांनी त्याचं वाद्य केलं तेही, मला वाटतं, याच रीतीला धरून.

आवाजाची बाजू हिरोकाझू तनाका यांनी रचली. ते स्वतः संगीतकार. हाताशी आवाज चारच. दोन चौकोनी लहरींचे, टोकदार. एक निव्वळ खरखरीचा. ती तुकड्यातुकड्यानं सोडली की ढोल-झांजेचं काम भागतं. उरलेला सगळ्यात मजेशीर: त्याची लहर म्हणजे ० ते १५ मधले ३२ आकडे. आकडे बदला, गळा बदलतो. एका गळ्यातून एका वेळी एकच सूर निघतो. तीन सुरांचा मेळ हवा असेल, तर ते इतक्या झपाट्यानं आळीपाळीनं वाजवायचे की कानाला एकत्रच वाटावेत. त्यातून येणारी थरथर हीच या डब्याची ओळख.

हॅम्बुर्गच्या कलाशाळेत शिकणाऱ्या ऑलिव्हर विट्खोव यांनी १९९८ मध्ये या डब्याचं वाद्य करणारं 'नॅनोलूप' हे कार्ट्रिज केलं. त्यात सोळा घरांच्या पटावर सूर मांडायचे. पाठोपाठ स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचं 'लिटिल साउंड डीजे' आलं. तिथे गाणं रोजकीर्दीसारखं, ओळीखाली ओळ, आकड्यांत लिहितात. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे एकेकाळचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन यांनी २००३ मध्ये, गेम बॉयवरचं हे संगीत म्हणजेच नवं पंक, असा लेख लिहिला. वाजवणाऱ्यांतल्या काहींना तो मुळीच पटला नाही.

वाजवणाऱ्याच्या हाती सोल्डरिंग आयर्न लवकरच येतं. हेडफोनचा आवाज आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येताना घरघरतो; म्हणून आवाजाच्या चकतीपाशीच, अ‍ॅम्प्लिफायरच्या अलीकडे, तारा जोडून तो थेट बाहेर काढतात. पडद्यावर उभ्या रेघा नाहीशा झाल्या, तर खालच्या रिबनचा चिकटलेला जोड सुटलेला असतो. त्यावरच्या रबराच्या पट्टीवरून गरम आयर्न हलकेच फिरवलं, की बऱ्याचदा रेघा परततात. एका जागी जरा रेंगाळलात, तर मात्र पडदा गेला. जुन्या कार्ट्रिजमध्ये साठवलेली गाणी एका बटण-सेलवर तगून असतात. तो संपला की गाणीही पुसली जातात.

पण या यंत्रांचा खरा वैरी म्हणजे आत विसरलेले पेन्सिल सेल. ते पाझरतात आणि पत्र्यांना खातात. साठलेला थर व्हिनेगरच्या बोळ्यानं निघतो, खाल्लेला पत्रा परत येत नाही. घरात असा एखादा डबा माळ्यावर पडला असेल, तर गाण्याचं नंतर बघू; आज आधी सेल काढून ठेवा.