आवाज न चढवणारा रामा शेट्टी

'अर्धसत्य' (१९८३) मध्ये फौजदार अनंत वेलणकर रामा शेट्टीला अटक करायला त्याच्या घरी जातो. शेट्टी ओरडत नाही, पिस्तूल काढत नाही. तो एक फोन लावतो. वरून हुकूम येतो आणि वेलणकरला हात हलवत परत फिरावं लागतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, शेट्टीकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे. मग तो आवाज कशाला चढवेल?

हा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर आमच्या जिल्ह्याचे. जन्म नगरचा, ११ मे १९५०. मी राहात्याचा. आमच्याकडे टीव्हीवर त्यांचा सिनेमा लागला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "हा आपला नगरचा बरं का!" पडद्यावर तो माणूस कुणाचा तरी छळ करत असायचा आणि आमची छाती फुगलेली असायची.

ते घडले मराठी रंगभूमीवर. '२२ जून १८९७' या चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची छोटी भूमिका केली होती. पण गोविंद निहलानींनी त्यांना हेरलं ते 'हँड्स अप' या नाटकात. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि समोर ओम पुरी. अशा सिनेमात नवख्या माणसाने थोडक्या प्रसंगांत दहशत बसवली आणि सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळवलं.

पुढे हिंदीने त्यांना खलनायकाच्या खुर्चीत बसवलं. 'हुकूमत' (१९८७) गाजला. 'सडक' (१९९१) मधल्या महाराणीसाठी त्यांना खलभूमिकेचं फिल्मफेअर मिळालं. हा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदाच दिला गेला. महाराणी म्हणजे कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी व्यक्ती. आज ती भूमिका पाहताना अभिनयाला दाद जाते आणि अस्वस्थही व्हायला होतं. कारण सिनेमा तिच्या क्रौर्याइतकाच तिच्या तृतीयपंथी असण्याचाही भीतीसाठी वापर करतो. 'आँखें', 'इश्क' यांत मात्र त्यांनी लोकांना हसवलं.

पडद्याबाहेर मित्रांचे ते 'तात्या'. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्या कामात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासोबत अमरापूरकरही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशीही त्यांचं नातं होतं.

मार्च २०१४ मध्ये होळीच्या दिवशी मुंबईत वर्सोव्याला त्यांच्या घराजवळ रेन डान्स चालू होता. इतकं पाणी वाया घालवू नका, असं सांगायला हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस गेला आणि त्याला मारहाण झाली. आमच्या भागात कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, यावर पेरूच्या बागांचं वर्ष ठरतं. टँकरमागे धावणारी गावं जिल्ह्यात नवी नाहीत. अशा जिल्ह्यातल्या माणसाला वाहतं पाणी बघवलं नाही, याचं आम्हाला नवल वाटलं नाही.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ते गेले. अंत्यसंस्कार नगरलाच झाले.

रामा शेट्टीचे तुकडे आजही मोबाईलवर फिरतात. पण 'अर्धसत्य' सलग बघा. शेट्टी बोलत असताना त्याच्याकडे नको, समोरच्यांकडे पाहा. तो शांत असतो आणि बाकी सगळे खाली बघत असतात. वर्सोव्यात अमरापूरकरांच्या हातात तसला फोन नव्हता. तरीही ते बोलायला गेले.