चित्रपटाचा तुकडा आणि इंग्रजीचा तास

आपल्या समाजात मुलांच्या इंग्रजीचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, मुलगा दहावीपर्यंत इंग्रजी शिकला, काळांचे तक्ते त्याने पाठ केले, परीक्षेत तो उत्तीर्णही झाला. पण मुलाखतीला बसला की त्याच्या तोंडून धड एक वाक्य फुटत नाही. दुसरी अशी की, हीच मुले तासन्‌तास पडद्यापुढे बसून अभ्यास बुडवितात. पहिल्या तक्रारीचे उत्तर काही अंशी दुसरीतच दडलेले आहे, असे कोणी म्हटले तर आपली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. सिनेमा आणि शाळा यांचा संबंधच काय, असे ती विचारतील. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या साधनाच्या इतिहासाकडे एकवार पाहणे उपयुक्त ठरेल.

आज इंग्रजी शिकविण्याच्या साधनाबद्दल शंका आहे. दीडशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रजी भाषेबद्दलच शंका होती. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासारख्यांनी मुस्लिम मुलांच्या आधुनिक शिक्षणासाठी कंबर कसली. १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढ येथे शाळा काढली. तिचेच पुढे महाविद्यालय आणि १९२० साली विद्यापीठ झाले. पाश्चात्त्य विद्येमुळे मुले दीनापासून दूर जातील, या भीतीने सर सय्यद यांना स्वकीयांचाच कडवा विरोध सोसावा लागला. ती भीती बाळगणारी माणसे वाईट नव्हती. मुलांची काळजी हेच तिचे मूळ होते. तथापि, नव्या साधनाला सरसकट नाकारल्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते, हे त्या इतिहासाने शिकविले. डोळे मिटून स्वीकारल्याची किंमत कोणती, हे मात्र चित्रपटाच्या इतिहासात पाहावयास मिळते.

एडिसनचे भाकीत

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपली हलती चित्रे दाखविली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच खेळ झाला. करमणुकीचे हे साधन शाळेत शिरण्यास फार काळ लागला नाही. १९१० साली अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या सार्वजनिक शाळांनी नियमित अध्यापनासाठी चित्रपट वापरण्यास प्रारंभ केला. १९१३ साली तर थॉमस एडिसन यांनी भाकीत केले की, शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शिक्षणपद्धतीचे रूप पार पालटून जाईल.

दहा वर्षे गेली, शंभर गेली. पुस्तके आहेत आणि शिक्षकही आहेत. असे का झाले? लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची कारणे दिली आहेत. शिक्षकांना यंत्र चालविण्याचा सराव नव्हता, यंत्र व फिती महाग होत्या, हवे तेव्हा यंत्र हाताशी नसे, आणि आपल्या धड्याला नेमका साजेल असा चित्रपट मिळणे अवघड जाई. थोडक्यात, साधन आले, पण ते शिक्षकाच्या हाती आले नाही.

भाषेच्या शिक्षकाची अडचण आणखी निराळी होती. १९२७ पर्यंत चित्रपट बहुतांशी मुकाच होता. पुढे तो बोलू लागला, पण तो थांबेना! भाषेचा तास म्हणजे पुनरुक्तीचा तास. एक वाक्य ऐकावे, थांबावे, पुन्हा ऐकावे, म्हणून पाहावे, असा त्याचा क्रम असतो. प्रोजेक्टरवरची फीत अशी मध्येच थांबविली तर दिव्याच्या उष्णतेने ती जळण्याचे भय असे. त्यामुळे मुले चित्रपट पाहत, आनंदित होत, आणि इंग्रजी जिथल्या तिथे राही.

थांबणारे चित्र

ही अडचण व्हिडिओ कॅसेटने दूर केली. सोनी कंपनीचे यू-मॅटिक १९७१ साली आणि बीटामॅक्स १९७५ साली आले. जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धती १९७६ साली आली. आता चित्र थांबविता येऊ लागले, मागे नेता येऊ लागले. कोकणातील आपल्या अनेक घरांत हे यंत्र आखाती देशांत राबणाऱ्या बाप-भावांच्या सामानातून पोहोचले. त्यावर हिंदी चित्रपट पाहिले गेले, लग्नाच्या कॅसेटी पाहिल्या गेल्या. पण ‘पॉज’ आणि ‘रिवाइंड’ या दोन बटणांत इंग्रजीची शाळा दडलेली आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

त्याच सुमारास चीनमध्ये काय घडले ते पाहण्यासारखे आहे. बीबीसीची ‘फॉलो मी’ ही इंग्रजी शिकविणारी मालिका १९८२ साली चीनच्या दूरदर्शनवर सुरू झाली आणि अफाट लोकप्रिय झाली. दुकानात वस्तू मागणे, रस्ता विचारणे, ओळख करून देणे अशी रोजच्या व्यवहारातील छोटी छोटी दृश्ये तीत होती. पण नुसती दृश्ये लावून चिनी लोक स्वस्थ बसले नाहीत. कॅथी फ्लॉवर या निवेदिका पडद्यावर येऊन ती समजावून देत आणि पाहणाऱ्यांच्या हाती त्या मालिकेचे पुस्तक असे. छोटा प्रसंग, समजावणारी व्यक्ती आणि हातातले पुस्तक या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

बहिऱ्यांसाठी केलेली सोय

आणखी एक शोध इंग्रजी शिकणाऱ्यांच्या कामी आला, तो मुळात त्यांच्यासाठी नव्हताच. कर्णबधिरांना चित्रपट समजावा म्हणून संवाद पडद्यावर लिहून दाखविण्याच्या योजनेला अमेरिकेने १९५८ साली कायद्याने मान्यता दिली. १९८० पासून तेथे दूरदर्शनवरही हवे तेव्हा दिसतील अशा लेखी ओळी मिळू लागल्या. १९८३ साली कॅरेन प्राइस या संशोधिकेने दाखवून दिले की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांना या इंग्रजी ओळींमुळे चित्रफीत अधिक चांगली समजते. कानाला जो शब्द निसटता वाटतो तो डोळ्यांना सापडतो, आणि डोळ्यांना ओळखीचा असलेला शब्द प्रत्यक्षात कसा उच्चारतात ते कानाला कळते.

आपल्या देशातही याचा अनुभव आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली कल्पना सुचली की, दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द दाखविले तर नवसाक्षरांचा वाचनाचा सराव होईल. १९९९ साली गुजरातमध्ये ती दूरदर्शनवर अमलात आली. ज्या धर्माची पहिली आज्ञाच वाचनाची आहे, त्या धर्माच्या लेकरांना पडद्यावरही वाचावयास लावणारी ही युक्ती परकी वाटू नये. येथे एक पथ्य मात्र पाळावे. इंग्रजी संवादाखाली इंग्रजीच ओळी हव्यात. मराठी किंवा उर्दू ओळी दिल्या की डोळे त्या वाचतात आणि कान झोपी जातो.

दोन तुकडे, दोन धडे

प्रत्यक्ष तासात हे कसे करावयाचे? दोन उदाहरणे घेऊ.

चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ हा १९२५ सालचा मूकपट. त्यात भुकेने व्याकूळ झालेला चार्ली आपला बूट शिजवून मोठ्या ऐटीत खातो. (चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या गोड मिठाईचा केला होता.) या तुकड्यात आवाज नाही, हाच त्याचा मोठा गुण. वाक्ये मुलांनी पुरवावयाची. तो खात असताना शिक्षकांनी चित्र थांबवावे आणि मुलांकडून म्हणवून घ्यावे, ‘ही इज ईटिंग अ शू.’ खाऊन झाल्यावर विचारावे, तर उत्तर येईल, ‘ही हॅज ईटन द शू.’ दुसऱ्या दिवशी विचारावे, ‘काल त्याने काय केले?’ म्हणजे ‘ही एट अ शू.’ एकाच क्रियापदाची तीन रूपे तक्त्यात पाठ करणारा मुलगा आठवड्यात ती विसरतो. बूट खाणारा माणूस तो जन्मात विसरणार नाही.

दुसरा तुकडा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या सिडनी ल्युमेट यांच्या १९५७ सालच्या चित्रपटातला. १९८६ साली बासू चटर्जी यांनी यावरूनच ‘एक रुका हुआ फैसला’ हा हिंदी चित्रपट केला. गरीब वस्तीतील एका मुलावर खुनाचा आरोप आहे आणि बारा ज्युरर एका खोलीत बसून त्याचे भवितव्य ठरवीत आहेत. त्यांपैकी एक जण त्या मुलाच्या वस्तीतील लोकांचा तिरस्कार करतो आणि याला नीट इंग्रजीसुद्धा बोलता येत नाही, असे हिणवितो. पण हे म्हणताना त्याच्याच तोंडी ‘ही’च्या पुढे ‘डझन्ट’ऐवजी ‘डोन्ट’ येते! परदेशातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला एक घड्याळजी शांतपणे ती चूक दुरुस्त करतो.

कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असता क्रियापद कसे बदलते, हा नियम आमची मुले पाचवी-सहावीपासून घोकतात. या अर्ध्या मिनिटात तो नियम जिवंत होऊन उभा राहतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाषा ही कोणाच्या जन्माची मिरासदारी नसून मेहनत करणाऱ्याची मिळकत आहे, हे मुलाला कळते. इंग्रजीपुढे मान खाली घालणाऱ्या आपल्या मुलामुलींना व्याकरणाइतकीच या धड्याचीही गरज आहे.

तुकडा लहान, शिक्षक मोठा

दोन-तीन मिनिटांहून मोठा तुकडा घेऊ नये. प्रथम आवाज बंद करून दाखवावा व काय घडत असेल ते विचारावे. नंतर आवाजासह, मग इंग्रजी ओळींसह दाखवावा. पाच-सहा नवे शब्द वहीत उतरवून प्रत्येकाचे स्वतःचे वाक्य करावयास सांगावे. शेवटी दोन मुलांनी तो प्रसंग उभे राहून म्हणावा. जो तुकडा पाहून मुले गप्पच राहतात, तो तास वाया गेला असे समजावे. चित्रपटातील इंग्रजी बोलण्याची असते. निबंध, शुद्धलेखन आणि अर्ज यांसाठी पुस्तकाला पर्याय नाही, हेही मुलांना सांगावे.

पालकांच्या मनातील शंकेचे उत्तरही येथेच आहे. अडीच तासांचा चित्रपट वर्गात दाखविण्याची गरजच नाही. शिक्षकांनी आधी स्वतः पाहून, पारखून घेतलेली दोन मिनिटे दाखवावयाची आहेत. जे मर्यादेत बसत नाही ते वर्गात येणारच नाही. तुकडा लहान असावा ही शिक्षणाची अट आहे, आणि तीच आपल्या घरच्या अदबीचीही राखण करते.

आज यासाठी महागडे यंत्र लागत नाही. घरातला मोबाइल पुरतो. म्हणूनच जबाबदारी वाढली आहे. तोच मोबाइल मुलाच्या एकट्याच्या हाती सोडला तर तो वेळ खातो. शिक्षकाच्या हाती दिला तर भाषा शिकवितो. एडिसनला जे दिसले नाही ते शंभर वर्षांच्या अनुभवाने आपल्यापुढे मांडले आहे: यंत्र शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही, पण चांगल्या शिक्षकाचा हात लांब करते.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्याला इंग्रजी येत नसले तरी या कामात आपला वाटा आहे. संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून एवढेच विचारा, ‘आज कोणता प्रसंग पाहिलास? त्यातले एक वाक्य मला म्हणून दाखव आणि त्याचा अर्थ सांग.’ अम्मीला अर्थ समजावून देताना मुलाची भीड मोडते. मुलाखतीच्या खोलीत त्याला नेमकी तीच मोडावी लागणार आहे.