एकशेवीस फूट : पटावरच्या धावेची कुळकथा

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांत पात्राच्या धावण्याचा वेग नियमपुस्तकातला आकडा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत माणसाला सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये ३० फूट जाता येते. त्या राउंडमध्ये हल्ला वगैरे सोडून नुसते पळायचे ठरवले, तर ६० फूट. हा वेग ताशी ११ किलोमीटर भरतो. १०० मीटरला सुमारे ३३ सेकंद लागतात. धडधाकट माणूस याहून पुष्कळ जोरात पळतो. आकडा इतका कमी का, याचे उत्तर या खेळांच्या वंशावळीत आहे. तो कोणा धावपटूवरून घेतलेला नाही. सैन्याच्या कवायतीच्या चालीतून तो आला आहे.

वंशाचा मूळपुरुष प्रशियातला. तिथले अधिकारी रायस्विट्झ पितापुत्र यांनी ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ रचला आणि मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशाचे प्रमाण १:८०००, प्रत्येक टर्न दोन मिनिटांचा. तेवढ्या वेळात पलटण खरोखर जितके अंतर कापेल, तितकीच ती नकाशावर सरकवायची. खेळातल्या हालचालीला घड्याळ आणि मोजपट्टी या दोहोंनी बांधण्याची रीत इथून रुजली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये हिशेब सोपा केला : खेळण्यातल्या पायदळाला एका खेपेत १ फूट, घोडदळाला २ फूट. युद्धखेळ आता अधिकाऱ्यांच्या दालनातून घरच्या जमिनीवर आला आणि वेग थेट फूट-इंचांत सांगितला जाऊ लागला.

याच परंपरेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले. टेबलावरचा १ इंच म्हणजे मैदानावरचे १० यार्ड, आणि एक टर्न म्हणजे साधारण एक मिनिट. हलक्या पायदळाची चाल ९ इंच, चिलखती पायदळाची ६ इंच, हलक्या घोडदळाची २४ इंच. मिनिटाला ९० यार्ड म्हणजे ताशी जवळपास ५ किलोमीटर, माणसाच्या नेहमीच्या चालीइतके. रांग न मोडता पुढे सरकणाऱ्या तुकडीला हा वेग अगदी योग्य होता. पळणाऱ्या एकट्या माणसाचा विचार त्यात नव्हता, कारण खेळ मुख्यतः तुकड्यांचा होता.

एकटा माणूस केंद्रस्थानी आला तो १९७४ मध्ये. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खेळाडूच्या हाती तुकडीऐवजी एकच पात्र होते, पण मोजमाप जुनेच राहिले. ओझे कमी असेल तर १२ इंच, पूर्ण चिलखत असेल तर ६. मात्र लढाई मैदानातून भुयारात गेल्यामुळे प्रमाण बदलले : उघड्यावर इंचाला १० यार्ड, भुयारात १० फूट. १२ इंचांचे १२० फूट झाले ते इथे.

पुढची पंचवीस वर्षे १२० हा आकडा टिकला आणि त्याच्यामागचा काळ आक्रसत गेला. १९७८ च्या ‘अॅडव्हान्स्ड’ नियमांत भुयार धुंडाळताना १२० फुटांना दहा मिनिटे लागतात, म्हणजे वेग ताशी पाव किलोमीटरही नाही. अंधारात चाचपडत, सापळे तपासत, नकाशा काढत जाणाऱ्यांची ही चाल असल्याने तिचे समर्थन होऊ शकते. लढाईत तेच १२० फूट एका मिनिटात होतात. हे ताशी सव्वादोन किलोमीटरही भरत नाही, आणि जिवाच्या आकांताने झुंजणाऱ्याला ते फारच थोडे आहे. टॉम मोल्डवे यांनी १९८१ मध्ये संपादित केलेल्या ‘बेसिक’ नियमांत राउंड दहा सेकंदांचा होता आणि धावण्याची मर्यादा १२० फूट ठरली : ताशी १३ किलोमीटर. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत राउंड सहा सेकंदांवर आला. मूळ वेग ३० फूट, धावताना त्याच्या चौपट. पुन्हा १२० फूटच. आता मात्र वेग ताशी २२ किलोमीटर झाला आणि १०० मीटरला साडेसोळा सेकंद पुरू लागले. साध्या निरोगी माणसाला हे शोभते. पात्राच्या काटकपणाच्या आकड्याइतके राउंड पळून झाल्यावर पुढे पळण्यासाठी फासा टाकावा लागे, म्हणजे दमछाकही हिशेबात आली.

चिलखताचा नियमही याच आवृत्तीत वास्तवाच्या बराच जवळ गेला. जड चिलखतात मूळ वेग २० फुटांवर येई आणि धाव तिप्पटच मिळे, म्हणजे १२० ऐवजी ६० फूट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवले आणि पळवले गेले. ३० ते ५० किलोच्या त्या ओझ्याने शरीराचा ऊर्जाखर्च साधारण दुप्पट झाला. खर्च दुप्पट म्हणजे वेग नेमका निम्मा असे नाही, पण नियमाची दिशा आणि अंदाज दोन्ही ठीक होते.

वेग पकडायला लागणारा वेळ मात्र या वंशात कुणीच मोजला नाही. २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना उसेन बोल्टला पहिल्या २० मीटरांना २.८९ सेकंद लागले, तर ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत पार केला. खेळातले पात्र पहिल्या पावलापासून एकाच वेगाने पळते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ या रोल-प्लेइंग खेळाने या उणिवेला हात घातला. तिथे टर्न एका सेकंदाचा असतो आणि वेग चपळाई व आरोग्य यांवरून निघतो. सरासरी माणसाला सेकंदाला ५ यार्ड मिळतात. २००४ च्या चौथ्या आवृत्तीनुसार सरळ रेषेत पळत राहिल्यास दुसऱ्या सेकंदापासून वेग एक पंचमांशाने वाढतो. बदल्यात एका छोट्या चकमकीला कितीतरी टर्न लागतात.

पाचव्या आवृत्तीने ६० फुटांवर येणे पसंत केले, त्यामागे पटाची गरज दिसते. चौकटींच्या पटावर ५ फुटांना १ इंच धरला, तर १२० फुटांच्या एका धावेला २४ इंच टेबल लागते. दोन राउंडांत पात्र पटाबाहेर जाते. ६० फुटांत ते लढाईत राहते, शत्रूच्या टप्प्यात राहते आणि कुठे उभे राहायचे या निर्णयाला किंमत येते. खऱ्या पाठलागासाठी त्याच आवृत्तीत वेगळे नियम आहेत : ठरावीक वेळा पळून झाले की दम टिकवण्यासाठी फासा टाकावा लागतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही मूळ वेग ३० फूटच ठेवला आहे.